नाताळचं झाड आणि घरातली मांजर

वसईत, वांद्र्यात, गोव्यात आता नाताळची झाडं सजू लागतील. घरात मांजर असेल तर सजावटीतल्या एका वस्तूबद्दल मला आवर्जून सांगायचंय: चमकीच्या माळा.

मांजरीच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात. त्यामुळे तोंडात गेलेली चमकी किंवा दोरा तिला सहज थुंकता येत नाही, तो गिळलाच जातो. कधी एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं आणि बाकीचा दोरा पुढे सरकतो. मग नाडी ओढल्यावर नेफ्याला चुण्या पडाव्यात तशी आतडी गोळा होतात. दोरा त्यांना कापूही शकतो, आणि बहुतेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा शेपटीखाली लोंबताना दिसलं, तरी कृपा करून ओढू नका. उलट्या होत असतील, खाणं सुटलं असेल, तर तडक पशुवैद्याकडे न्या.

गणपतीच्या मखराची झालर, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या यांचा धोकाही तोच.

आता सजावटीतल्या रोपांबद्दल. लाल पानांच्या पॉइन्सेटियाला लोक उगाच घाबरतात. त्याने फार तर लाळ गळते, उलटी होते. खरी भीती पुष्पगुच्छातल्या लिलीची. अंगावर पडलेले तिचे पराग चाटले, फुलदाणीतलं पाणी प्यायलं, तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये.

नाताळच्या झाडाचा शेंडा भिंतीला बांधा, काचेचे गोळे वरच्या फांद्यांवर लावा आणि झोपताना दिव्यांच्या माळेचा प्लग काढा.