साठी आणि नवी विद्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. सून सासूविषयी वापरते, नातू आजीविषयी वापरतो, आणि कित्येक आजीबाई तर ती स्वतःविषयीच वापरतात. मोबाइलवरून पैसे भरायची वेळ आली की ‘आता या वयात मला काय जमणार?’ म्हणून फोन दुसऱ्याच्या हाती देतात. ही म्हण कितपत खरी आहे, याचा आज थोडा विचार करावा असे मला वाटते.

प्रथम खरे ते मान्य करू. वयाबरोबर जवळचे दिसेनासे होते. त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’च म्हणतो. चार नव्या पायऱ्या एकदम सांगितल्या तर ध्यानात राहत नाहीत. बोटांची कातडी कोरडी पडते आणि फोनची काच पहिल्या स्पर्शाला दाद देत नाही. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईच्या अंगठ्याच्या रेषा झिजतात, मग आधारच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही. परंतु शब्दांचे भांडार, माणसांची पारख आणि अनुभवाने आलेला विवेक ही उतारवयातही पुष्कळ काळ टिकतात. म्हणजे शिकणे सावकाश होते, थांबत नाही.

नवी गोष्ट समाजात कशी पसरते, यावर एव्हरेट रॉजर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९६२ साली एक ग्रंथ लिहिला. पुढच्या आवृत्त्यांत त्याने पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले. सुमारे निम्म्या अभ्यासांत वयाचा काही संबंधच आढळला नाही. उरलेल्यांत कुठे तरुण पुढे, तर कुठे वयस्क पुढे!

मग माणूस नव्याला बिचकतो तो कशामुळे? याचे उत्तर आपल्या नीरेच्या काठीच आहे. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या दुष्काळी रानांत पाटाचे पाणी आले. पण सुरुवातीला शेतकरी पाऊस दगा देईल तेव्हाच पाणी घेत. एरवी नको म्हणत. त्यात म्हातारेही होते आणि तरुणही. पाणीपट्टी भरावी आणि मागाहून पाऊस पडावा, तर पैसे वाया. उसाला खत हवे, भांडवल हवे, आणि पैसा हाती यायला वर्षाहून अधिक काळ. हे गणित त्यांना कळत होते. बागायतीत मुरलेले सासवडचे माळी इकडे आले, त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस पिकवून दाखविला, आणि हळूहळू बागायत रुजली. बुडाले तर काय, ही शंका फिटली की लोक पुढे येतात.

आजी विचारतात, ‘पैसे चुकून दुसरीकडे गेले तर परत कोण देणार?’ हा प्रश्न तोच आहे. फसवणुकीच्या या दिवसांत तो शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. जात्यावरून गिरणीकडे आणि चुलीवरून गॅसकडे जाताना याच बायकांना फार समजवावे लागले नाही. कष्ट वाचतात हे त्यांना डोळ्यांनी दिसले होते.

परंतु शंका फेडायला कोणी बसले नाही, तर नुकसान बाईचेच आहे. बँकेचा गुप्त क्रमांक शेजारच्या मुलाकडे, पासबुक पुतण्याकडे, आणि आपल्याच खात्यात किती शिल्लक आहे ते आजींना ठाऊक नाही, अशी घरे मी पाहते. जिने आयुष्यभर घरखर्चाची पै न् पै सांभाळली, तिला स्वतःच्या पैशासाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागते. शेतीचेही तेच. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने २०२४ पासून उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग चालविला आहे; पाणी, खत, रोग यांविषयी सल्ला फोनवर येतो. रानात राबणाऱ्या बाईला फोनच उघडता येत नसेल, तर तो सल्ला तिच्यापर्यंत पोहोचायचा कसा?

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका गुलाबी लुगडी नेसून, पाटी घेऊन दुपारी शाळेत बसू लागल्या आणि अंगठ्याऐवजी सही करू लागल्या. शिकविणारी गावातलीच एक सून. घाई नाही, हसणे नाही, आणि बरोबरीच्या मैत्रिणी सोबतीला. त्यांना जमले ते यामुळे.

आपल्या मंडळानेही आठवड्यातून एक दुपार यासाठी द्यावी, अशी माझी विनंती आहे. फोन आजींच्याच हातात असावा. शिकविणारीने तो ओढून घेऊ नये. अक्षरे मोठी करून द्यावीत. एका दिवशी एकच गोष्ट शिकवावी आणि ती वहीत लिहून द्यावी. गुप्त क्रमांक कोणालाही, शिकविणारीलाही, सांगू नये. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. ज्यांचा अंगठा उमटत नाही त्यांनी हताश होऊ नये. निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचीही सोय झाली आहे.

आणि सुनांना एक सांगणे. सासूबाईंनी तीच गोष्ट पाचव्यांदा विचारली, तर पाचव्यांदाही शांतपणे सांगा. भाकरी थापायला आपण एका दिवसात शिकलो नव्हतो.