कळ कोणाच्या हाती?



दक्षिण आशियात इंटरनेट पसरले ते मोबाइलवरून. भारतात २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. पण मी विचारते, त्याची कळ कोणाच्या हाती?

पहिली कळ घरात आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के, बाया ३३ टक्के. गोव्यात ७४ टक्के बाया, बिहारमध्ये २१. स्वतः वापरायचा मोबाइल देशातल्या ५४ टक्के बायांकडेच होता.

दुसरी कळ सत्तेच्या हाती. मणिपुरात ३ मे २०२३ पासून मोबाइल इंटरनेट बंद झाले. ४ मे रोजी कुकी स्त्रियांची विवस्त्र धिंड निघाली. चित्रफीत जगापुढे आली १९ जुलैला. अफगाणिस्तानात सहावीनंतर शाळा बंद झालेल्या काही मुली ऑनलाइन शिकत होत्या. सप्टेंबर २०२५ अखेर तालिबानने देशभरचे इंटरनेटच सुमारे दोन दिवस तोडले.

म्हणून नुसत्या प्रशिक्षण शिबिरांवर थांबू नका. फोन बाईचा स्वतःचा हवा. आणि इंटरनेटबंदीचे आदेश प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात २०२० साली सांगितले आहे. बंदी आली की तो आदेश आपण लेखी मागू या.