अवटू ग्रंथी, रक्ततपासणी आणि स्त्रियांचे आरोग्य

रायपूर शहरात रक्ततपासणीची सोय आज दुर्मिळ राहिलेली नाही. १९६३ साली येथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम सुरू आहे आणि खाजगी प्रयोगशाळाही ठिकठिकाणी आहेत. परंतु अहवाल हाती येणे ही एक गोष्ट आणि तो समजणे ही दुसरी. अवटू ग्रंथीच्या, म्हणजे रोजच्या बोलण्यातील ‘थायरॉईड’च्या, तपासणीबाबत हे विशेष खरे आहे. ठळक अक्षरांत छापलेला एक आकडा पाहून एखादी गृहिणी घाबरून जाते; दुसरी, आकडा मर्यादेत आहे म्हणून, आपला त्रास हा मनाचा खेळ आहे असे समजून गप्प बसते. दोघींचीही दिशाभूल होते. तो आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे.

अवटू ग्रंथी गळ्याच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली असते. तिचा आकार फुलपाखरासारखा असतो. रक्तातील आयोडीन शोषून घेऊन ती दोन हॉर्मोने तयार करते. आयोडीनचे चार अणू असलेले ते टी-४ व तीन अणू असलेले ते टी-३. ग्रंथीतून मुख्यतः टी-४ बाहेर पडते. शरीरातील ऊती त्यातील एक अणू काढून टाकून अधिक प्रभावी असे टी-३ बनवितात. शरीरातील प्रत्येक व्यवहाराचा वेग या हॉर्मोनांवर अवलंबून असतो. ती कमी पडली की थकवा येतो, थंडी सोसत नाही, त्वचा कोरडी होते, केस गळतात, बद्धकोष्ठ होते, वजन वाढते, मासिक पाळी अनियमित होते किंवा रक्तस्राव अधिक होतो. ती जास्त झाली की छाती धडधडते, हात कापतात, घाम येतो आणि भूक असूनही वजन घटते.

या ग्रंथीचा संबंध जमिनीशी आणि मिठाशी आहे. आयोडीनचा मोठा साठा समुद्रात असतो. पावसाने व पुराने धुपलेल्या जमिनीत ते कमी राहते. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या प्रयोगात असे दिसून आले, की मिठात अल्प प्रमाणात आयोडीन मिसळले असता गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटते. त्यानंतर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. समुद्रापासून दूर असलेल्या छत्तीसगडाला मिठाचे मोल वेगळे सांगावयास नको. बस्तरच्या अरण्यात चारोळी देऊन तिच्या बदल्यात मीठ घेण्याची रीत होती. पुढे राज्य शासनाने ‘अमृत नमक’ या नावाने आयोडीनयुक्त मीठ शिधावाटप दुकानांतून गरीब कुटुंबांपर्यंत पोहोचविले.

मग मीठ आयोडीनयुक्त असूनही शहरातील इतक्या स्त्रियांना अवटू-न्यूनता का होते? याचे उत्तर निराळ्या कारणात आहे. शरीराची संरक्षक यंत्रणाच अवटू ग्रंथीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. हाकारू हाशिमोटो या जपानी शल्यवैद्याने १९१२ साली या विकाराचे वर्णन केले. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी अधिक आढळतो. भारतातील आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत अवटू-न्यूनता दिसून आली. त्यांतही स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. हा विकार जास्त मीठ खाऊन बरा होत नाही. रक्तदाब मात्र त्यामुळे वाढू शकतो.

आता तपासणीकडे वळू. रक्तातील हॉर्मोने अत्यल्प असतात. ती मोजता येतील अशी किरणोत्सर्गी द्रव्यांवर आधारलेली पद्धत अमेरिकेत सॉलोमन बर्सन व रोझलिन यॅलो यांनी शोधून काढली. १९७७ साली यॅलो यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात अवटू ग्रंथीच्या अशा तपासण्यांचा पाया घालण्यात मुंबईच्या परळ भागातील, १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा मोठा वाटा आहे. आज बहुतेक प्रयोगशाळांत किरणोत्सर्गाचा वापर न करणारी यंत्रे ते काम करतात.

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा टी. एस. एच.चा. हे हॉर्मोन अवटू ग्रंथीचे नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी ते तयार करते आणि अवटू ग्रंथीला कामाचा हुकूम देते. मजूर ढिला पडला की मुकादमाचा आवाज चढतो. मजूर गरजेपेक्षा अधिक काम करू लागला की मुकादम गप्प होतो. टी. एस. एच. हा मुकादमाचा आवाज आहे. म्हणून हा आकडा वाढला तर अवटू ग्रंथी मंद आणि फार घटला तर ती बहुधा अतिकार्यरत, असा उलटा अर्थ घ्यावा लागतो. प्रौढांत साधारणपणे ०·४ ते ४ ही त्याची मर्यादा मानतात. प्रयोगशाळेप्रमाणे तीत थोडा फरक असतो आणि उतारवयात हा आकडा काहीसा वाढतो.

मात्र आवाज चढला एवढ्यावरून काम किती थांबले ते कळत नाही. त्यासाठी मुक्त टी-४ पाहावे लागते. टी. एस. एच. वाढलेले व टी-४ कमी असेल तर अवटू-न्यूनता निश्चित होते. टी. एस. एच. दहाच्या आत, किंचित वाढलेले आणि टी-४ योग्य असेल, तर गरोदर नसलेल्या स्त्रीने लगेच आयुष्यभराची गोळी सुरू करण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करणे बहुधा इष्ट असते. कित्येकदा आकडा आपोआप खाली येतो. थकव्याचे मूळ रक्तक्षयात असू शकते, म्हणून हिमोग्लोबिनही पाहावे.

याउलट, मुकादमच आजारी असेल तर? बाळंतपणात अतिरक्तस्राव झाल्यास पोष ग्रंथीला इजा होऊ शकते. अशा स्त्रीला दूध येत नाही, पाळी परतत नाही, अंगातील शक्ती जाते, तरीही टी. एस. एच. मर्यादेत दिसू शकते, कारण ओरडणाऱ्याचाच घसा बसलेला असतो. येथे टी-४ मोजल्याखेरीज रोग सापडत नाही. बाळंतपणाचा इतिहास डॉक्टरांना सांगणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गर्भारपणात या तपासणीचे मोल सर्वांत अधिक असते. पहिल्या काही महिन्यांत गर्भाची अवटू ग्रंथी काम करीत नाही. त्याच्या मेंदूची वाढ आईच्या हॉर्मोनावर चालते. या काळात टी. एस. एच.ची मर्यादाही बदलते, म्हणून एरवीचे कोष्टक लावू नये. आधीपासून गोळी घेणाऱ्या स्त्रीला दिवस राहताच अधिक मात्रा लागते. तिने गोळी बंद न करता त्वरित डॉक्टरांना भेटावे. बाळंतपणानंतरच्या वर्षात काही स्त्रियांची अवटू ग्रंथी प्रथम अतिकार्यरत व नंतर मंद होते. तो त्रास ‘बाळंतिणीचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. भारतात सुमारे अकराशे नवजात बालकांमागे एकाला जन्मतः अवटू-न्यूनता असते. जन्मानंतर थोड्याच दिवसांत टाचेतील रक्ताचा थेंब तपासून उपचार सुरू केल्यास मतिमांद्य टाळता येते. उशीर झाला तर झालेली हानी भरून येत नाही.

गोळी साधी व स्वस्त आहे, पण तिला शिस्त लागते. ती सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा व न्याहारी अर्ध्या ते एका तासानंतर. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्यांत चार तासांचे अंतर ठेवावे. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करावी. त्याआधीचा आकडा फसवा असतो. केस-नखांसाठी बायोटिन घेत असल्यास प्रयोगशाळेला तसे सांगावे, कारण काही यंत्रांत त्यामुळे चुकीचा आकडा येतो. वजन उतरावे म्हणून मात्रा वाढवू नये. जादा मात्रेने हाडे ठिसूळ होतात व हृदयाची लय बिघडते.

प्रत्येक स्त्रीने आपले अहवाल तारखेनुसार जपून ठेवावेत व शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. एका आकड्यापेक्षा आकड्यांची मालिका अधिक सांगते. आणि त्या मालिकेशेजारी तिने स्वतः सांगितलेली लक्षणे नोंदलेली असली, तरच अहवाल पुरा झाला असे म्हणता येईल.