बिटाच्या दांडीवर काय लिहिले आहे?



आज आम्ही एक लहानशी वस्तू बरोबर आणली आहे. ही पाहा. बोटाएवढी लांब, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक. हिला ड्रिलचे बिट म्हणतात. तुमच्यात जे सुतारकाम करतात, खिडक्यांच्या जाळ्या बनवतात, त्यांना हे नवीन नाही. पण हे बिट कोबाल्टचे आहे. कोबाल्टच्या नावाखाली माणूस कसा फसतो, आणि फसला नाही तरी आपल्याच हाताने कसे नुकसान करून घेतो, ते आम्ही भोगले आहे. म्हणून बोलायला उभे राहिलो.

झाले असे. आम्हाला एका जिन्याच्या कठड्याचे काम मिळाले. कठडा स्टेनलेस स्टीलचा. भोके चाळीस. पहिल्या तीन भोकांतच आमचे साधे बिट जळाले. टोक निळे-काळे पडले. दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "हे सोनेरी घ्या. कोबाल्ट आहे. लोण्यात सुरी जाते तसं जाईल." चार बिटे घेतली. दिवसाची मजुरी त्यात गेली. बारा भोके झाली आणि चारही बिटे बोथट.

दुसऱ्या दिवशी ती ओळखीच्या एका म्हाताऱ्या फिटरकाकांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, बिटाची दांडी उजेडात धरली आणि विचारले, "अरे, यावर कोबाल्ट कुठं लिहिलंय?"

आम्ही दांडी पाहिलीच नव्हती. रंग पाहिला होता.

आता कोबाल्ट म्हणजे काय ते ऐका. कोयत्याला, पटाशीला लोहार पाणी देतो. पण तेच हत्यार फार तापले, तर त्याचे पाणी उतरते आणि धार मऊ पडते. भोक पाडताना बिट असेच तापते. म्हणून पोलादात टंगस्टन, मॉलिब्डेनम, क्रोमियम असे धातू मिसळून हायस्पीड स्टील बनवतात. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात अशा पोलादाचे हत्यार तापून लाल झाले तरी लोखंड कापत होते, आणि लोक बघत राहिले होते. त्याच पोलादात आणखी कोबाल्ट मिसळला की ते जास्त उष्णता सोसते. शंभर भागांत पाच भाग, नाहीतर आठ भाग, एवढाच कोबाल्ट. नाव मात्र त्याचे. या नावाचीही गंमत आहे. जर्मनीतल्या खाणकामगारांना एक खनिज सापडे. त्यातून चांदी निघत नसे, उलट विषारी धूर निघे. त्यांना वाटले, हे भुताचेच काम. तिकडे अशा भुताला कोबोल्ड म्हणत. त्यावरून कोबाल्ट.

मग सोनेरी रंग कशाचा? बहुधा टायटॅनियम नायट्राइडच्या मुलाम्याचा. तो मुलामा वाईट नाही. पण ते भाकरीवर लावलेले तूप आहे. कोबाल्ट म्हणजे पिठात मळलेले मीठ. बिटाला पुन्हा धार लावली की टोकावरचा मुलामा जातो. कोबाल्ट आतपर्यंत असतो, तो जात नाही. खऱ्या कोबाल्ट बिटावरही कधी फिकट पिवळी झाक असते, म्हणूनच फसवणूक सोपी जाते.

तेव्हा दांडी वाचा. अक्षरे इंग्रजी असतात, पण घाबरू नका. एच, एस, एस ही तीन अक्षरे हायस्पीड स्टीलची. त्यांच्यापुढे सी आणि ओ पाहा. सी म्हणजे उजवीकडे तोंड उघडलेली चंद्रकोर, ओ म्हणजे आपले शून्य. पुढे 5 किंवा 8 आकडा असतो. कुठे नुसते एम 35 लिहितात, त्यात पाच भाग कोबाल्ट. एम 42 मध्ये आठ. फार बारीक बिटावर अक्षरे मावत नाहीत, तेव्हा पाकीट वाचा. खोटी अक्षरेही कोरता येतात. म्हणून बिल मागा, आणि बिलावर तेच शब्द लिहून घ्या.

हे शिकून आम्ही दोन खरी बिटे आणली. पहिले बिट पहिल्याच भोकात मोडले! कोबाल्टचे बिट कडक, म्हणून ठिसूळ. हात हलला की तुटते. फिटरकाका म्हणाले, "बिट खरं होतं रे. चालवणारा कच्चा होता."

मग त्यांनी चालवून दाखवले. पट्टी व्हाइसमध्ये घट्ट. ड्रिल स्टँडवर. पंचाची खूण हलकी, कारण स्टेनलेस स्टील ठोकले की आणखी कडक होते. नुसते घासले तरी कडक होते. आमचे तेच चुकत होते. आम्ही मशीन भरधाव सोडत होतो आणि भीत भीत दाबत होतो. काकांनी वेग कमी केला. 6 मिलिमीटरच्या बिटाला मिनिटाला सहाशे फेरे पुरेत, 10 मिलिमीटरला चारशेच्या आत. दाब मात्र पक्का, आणि कटिंग ऑइल थेंब थेंब चालू. किस लांब, वळ्यावळ्यांचा निघू लागला. बिट कापत नसेल, तर ते घासत ठेवू नये, लगेच उचलावे. भोक आरपार जायच्या वेळी दाब हलका करावा, बिट तिथेच मोडते. बीड असेल तर तेल नको, कोरडेच चालते.

हातमोजे घालू नका. फिरते बिट मोजा ओढते आणि मोज्याबरोबर बोट. ओढणी, सैल बाही, बांगड्या, सगळे दूर. डोळ्यांना चष्मा हवाच. किस हाताने ओढू नका, ब्रशाने काढा.

लाकडाला मात्र हे बिट घेऊ नका. कोबाल्ट बिटाचे टोक बहुधा चपटे असते. ते लाकडावर रेषेबरोबर घसरते आणि भोकाच्या कडा फाटतात. लाकडाला मधे अणी असलेले बिट किंवा आपले गिरमिट बरे, आणि ते स्वस्तही. मधून मधून बाहेर काढून भुसा झाडावा, नाहीतर लाकडातून धूर येतो. जुन्या दारात, तुळईत खिळे दडलेले असतात. तिथे धातूचे साधे हायस्पीड बिट वापरावे. साध्या लोखंडी पट्टीलाही तेच पुरते. भिंतीत तर कोबाल्ट कधीच नको. एका विटेत धार जाते.

धार गेली तर फेकू नका, ग्राइंडरवर लावून घ्या. पण तापलेले बिट पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात. हवेवर गार होऊ द्या.

राहिलेली पंचवीस भोके दुसऱ्या बिटाने झाली. मधे एकदा धार लावली. तेच हे बिट. आता हातोहात पुढे द्या. अक्षरे फार बारीक आहेत, दिव्याजवळ धरून वाचा.