अधिकार सोडणारे राज्यकर्ते



राजकीय नेतृत्व आणि आर्थिक प्रगती हा विषय निघाला की आपण लगेच सिंगापूर आणि दक्षिण कोरियाकडे वळतो. आज आपण अर्थशास्त्राचे अध्यापक आणि विद्यार्थी या परिषदेसाठी सांगली जिल्ह्यात जमलो आहोत आणि माझी दोन्ही उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत. त्यातले एक तर इथल्याच तासगाव तालुक्यात रुजले.

महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 रोजी स्थापन झाले. नव्या राज्याच्या मुख्यमंत्र्याला सगळी सूत्रे मुंबईत ठेवता आली असती. त्याऐवजी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी सत्तेच्या विकेंद्रीकरणासाठी महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी 1957 साली बलवंतराय मेहता समितीने विकासगटाला महत्त्व दिले होते आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे ठेवले होते. नाईक समितीने हे दोन्ही बदलले. जिल्हा हा मुख्य घटक ठरवला आणि जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. त्याप्रमाणे 1 मे 1962 पासून प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे, शेतीची कामे आणि रस्ते निवडून आलेल्या माणसांच्या हाती गेले. कलेक्टर कचेरीच्या पायरीवर अदबीने उभे राहणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा सभापती म्हणून अधिकाऱ्याला जाब विचारू लागला. या बदलाचे मोल कोणत्याही उत्पन्नाच्या तक्त्यात मांडता येत नाही. पण गावोगावच्या शाळेतून जी पिढी शिकून बाहेर पडली, तिच्याशिवाय या राज्याच्या पुढच्या प्रगतीचा हिशेब लागत नाही.

दुसरे उदाहरण रोजगार हमीचे. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. मागेल त्याला काम ही त्यांची कल्पना, आणि तिचा छोटा प्रयोग त्यांनी आपल्याच भागात करून पाहिला. मग 1972 चा दुष्काळ आला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. खडी फोडणाऱ्या हातांत निम्म्याहून अधिक हात शेतीत राबणाऱ्यांचेच असतील, हे त्या काळाची माहिती असणाऱ्या कुणालाही वेगळे सांगायला नको. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक. दुष्काळात कामे काढणे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेले होते. पाऊस पडला की कामे बंद, आणि काढायची की नाही हे सरकारच्या मर्जीवर. पागे यांचा आग्रह वेगळा होता. मजुराने अर्ज केला की पंधरा दिवसांत काम, नाही दिले तर बेकारी भत्ता, आणि हे सारे कायद्याने. म्हणजे सरकारने आपल्याच गळ्याभोवती दावे बांधून त्याचे टोक मजुराच्या हातात द्यायचे.

त्यासाठी पैसा कुठून आणायचा? 1975 च्या व्यवसाय कराने शहरातल्या पगारदाराच्या खिशातून. तितकीच भर राज्याने घालायची. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गावर कर बसवून आटपाडी-जतच्या मजुराला काम देण्याची तरतूद करणे मतांच्या हिशेबात सोपे नव्हते. 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. दुष्काळापासून तोवर नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा पाटील आणि शरद पवार असे चार मुख्यमंत्री झाले, सत्तेतले गट बदलले, तरी योजना कुणी मोडली नाही. मला हीच सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. बोगस मस्टरे झाली, अर्धवट पाझर तलाव राहिले, हे खरे आहे. पण 1990 पासून याच योजनेतून फळबागा उभ्या राहिल्या आणि कोरडवाहू माळावर डाळिंब, बोर आले. 2005 साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तो महाराष्ट्राच्या अनुभवावर.

सहकारी साखर कारखानदारीबद्दल फार बोलत नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभे केलेले काम थोर होते. मात्र पुढे अनेक ठिकाणी संस्था सभासदांची राहिली नाही, एका घराण्याची झाली, आणि तिथे कारखान्याचे आजारपण बहुधा संचालकांच्या खोलीतूनच सुरू झाले.

आता अलीकडचे. घटनेच्या 73 व्या दुरुस्तीनुसार पंचायत राज संस्थेची मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे. याच महाराष्ट्रात 2022 मध्ये मुदत संपल्यावर बहुतेक जिल्हा परिषदांवर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासक बसले. आरक्षणाचा न्यायालयीन वाद होता, हे मान्य. तरी अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला, याची लाज सर्व पक्षांना वाटायला हवी. ज्या संस्थेतून यशवंतरावांनी जिल्हाधिकाऱ्याला बाहेर ठेवले, तिथे आपण अधिकाऱ्यालाच मालक करून बसवले.

माझी या परिषदेला विनंती आहे. मुदतीत निवडणूक न झाल्यास कुणाला जबाबदार धरायचे हे कायद्यात लिहा, असा ठराव आज मंजूर करावा. आणि प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प दरवर्षी वर्गात वाचायला घ्यावा. प्रशासकाच्या काळातला खर्च आणि आधीचा खर्च शेजारी ठेवून विद्यार्थ्यांकडून तपासून घ्यावा, आणि जे निघेल ते गावात जाऊन सांगावे.