परराष्ट्रांचा न्याय आणि परमेश्वराची दया
(ज्युबिली सप्ताहांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या देवळाच्या या उत्सवांत "ज्युबिली" हा शब्द आपण सर्वजण मोठ्या आनंदानें उच्चारीत आहों. तो मूळचा हिब्रू भाषेंतील असून, मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीस त्या भाषेंत जें "योबेल" असें नांव होतें त्यावरून तो आला आहे. लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत ज्युबिलीचा कायदा सांगितला आहे. सात वर्षांचीं सात आवर्तनें मोजावीं, नंतर पन्नासाव्या वर्षीं, प्रायश्चित्ताच्या दिवशीं, देशभर शिंग फुंकावें; कर्जापायीं गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत यावी, आणि दारिद्र्यामुळें चाकरींत विकला गेलेला इस्राएली मनुष्य मुलांबाळांसह मोकळा व्हावा, अशी ती व्यवस्था होती.

हा कायदा थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याच अध्यायांत पुढें आणखी एक नियम आहे, व त्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. परराष्ट्रांतून विकत घेतलेल्या दासांस ही मोकळीक नव्हती. ते बापाकडून मुलाकडे वारशानें जात. ज्युबिलीचें शिंग त्यांच्याही कानीं पडे, पण तें त्यांच्यासाठीं वाजत नसे.

बंधुजनहो, आपण देहानें अब्राहामाच्या वंशांतले नाहीं. त्या दिवशीं आपले पूर्वज त्या देशांत असते तर त्या परक्यांच्या रांगेंत उभे असते. म्हणून परमेश्वराच्या दयेंत परक्याला जागा आहे काय, हा प्रश्न आपणांस केवळ पांडित्याचा नाहीं. तो आपल्या तारणाचा प्रश्न आहे. त्याचें उत्तर इस्राएलाच्या संदेष्ट्यांनीं कसें दिलें, हें आज आम्ही यथामति सांगणार आहों.

संदेष्टा म्हणजे होरा मांडणारा जोशी नव्हे. परमेश्वराचा निरोप घेऊन लोकांपुढें उभा राहणारा तो संदेष्टा. या पुरुषांच्या ग्रंथांत परराष्ट्रांवर न्यायाचीं वचनें फार मोठ्या संख्येनें आहेत. यशयाच्या ग्रंथांत तेराव्यापासून तेविसाव्यापर्यंत, यिर्मयाच्या ग्रंथांत शेचाळिसाव्यापासून एकावन्नाव्यापर्यंत, आणि यहेज्केलाच्या ग्रंथांत पंचविसाव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतचे अध्याय बहुतेक याच विषयाला वाहिलेले आहेत. तीं वचनें वाचतांना पुष्कळांची अशी समजूत होते कीं, हा केवळ शेजाऱ्यांविषयींचा राष्ट्रीय द्वेष आहे. ही समजूत किती अपुरी आहे तें पाहूं.

इ. स. पूर्वी आठव्या शतकाच्या मध्यास, दुसरा यराबाम उत्तरेकडील इस्राएलाच्या गादीवर असतां, यहूदा देशांतील तकोवा गांवचा आमोस नांवाचा एक मेंढपाळ बेथेल येथें बोलावयास आला. त्याच्या ग्रंथाचा आरंभच परराष्ट्रांच्या न्यायानें होतो. दमास्कसनें गिलाद प्रांत लोखंडी औतांनीं मळून काढला. गज्जानें गांवेंच्या गांवें कैद करून अदोमाला विकलीं. सोर नगरानें भावाभावांचा करार विसरून तेंच केलें. अदोमानें भावाच्या पाठीस तरवार लावली. अम्मोन्यांनीं आपली हद्द वाढविण्यासाठीं गर्भवती स्त्रियांस चिरलें. श्रोते प्रत्येक नांवास माना डोलावीत असतील, असें सहज मनांत येतें.

सहावें नांव मवाबाचें. त्याचा गुन्हा कोणता? त्यानें अदोमाच्या राजाचीं हाडें जाळून त्यांचा चुना केला. येथें क्षणभर थांबावें. या गुन्ह्यांत इस्राएलाचें कांहींच बिघडलें नव्हतें. एका परक्या राष्ट्रानें दुसऱ्या परक्या राष्ट्राच्या मृत राजाची विटंबना केली, आणि इस्राएलाचा परमेश्वर तिचा जाब विचारीत आहे! तो एका जमातीचा कैवारी नसून सर्व मनुष्यांचा धनी आहे, ही गोष्ट याहून स्पष्ट कशी सांगावी?

आणि मग तीच तुतारी श्रोत्यांकडे वळते. यहूदा, आणि शेवटीं इस्राएल. धार्मिकाला रुप्यासाठीं आणि गरिबाला पायांतल्या जोड्यासाठीं विकणारे लोक त्याच आरोपींच्या ओळींत उभे केले जातात. माप एकच. शेवटच्या अध्यायांत तर आमोस आणखी पुढें जातो. इस्राएलाला मिसरांतून आणणारा जो, त्यानेंच पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणलें, असें तो म्हणतो. ज्या गोष्टीचा इस्राएलाला मोठा अभिमान, तशीच गोष्ट परमेश्वरानें त्याच्या शत्रूंसाठींही केली होती.

न्याय सर्वांस सारखा, हें येथवर सिद्ध झालें. दयेचें काय? यशया मवाबाच्या नाशाचें वचन सांगतो, तेव्हां त्याच वचनांत मवाबासाठीं रडण्याचा स्वर ऐकूं येतो. द्राक्षमळे उजाड झाले, पळणाऱ्यांच्या रांगा लागल्या, आणि शिक्षा सांगणाऱ्याचेंच अंतःकरण कळवळत आहे. यिर्मया परराष्ट्रांचा विनाश एकामागून एक उच्चारितो. परंतु मवाब, अम्मोन व एलाम यांच्या प्रकरणांच्या शेवटीं, पुढें त्यांचे दिवस पालटतील असें आश्वासन जोडतो, आणि मिसर देश पुन्हां पूर्वीसारखा वसेल असें सांगतो. सर्व राष्ट्रांस असें आश्वासन नाहीं, हेंही खरें. बाबेलाला तें मिळत नाहीं. तरी त्याच यिर्मयानें बाबेलांत नेलेल्या बंदिवानांस पत्र पाठवून, त्या नगराचें कुशल चिंतावें आणि त्यासाठीं प्रार्थना करावी, अशी आज्ञा कळविली.

या सर्वांचा कळस यशयाच्या एकोणिसाव्या अध्यायांत आहे. मिसर म्हणजे दास्याचें घर, आणि अश्शूर म्हणजे तत्कालीन जगाला धाक दाखविणारी फौज. या दोहोंच्या मध्यें चिमुकला इस्राएल. संदेष्टा म्हणतो कीं, मिसर देशाच्या मधोमध परमेश्वराची वेदी उभी राहील. परमेश्वर मिसराला मारील, पण मारून बरें करील. मिसरापासून अश्शूरापर्यंत राजमार्ग होईल, आणि दोन्ही राष्ट्रें मिळून उपासना करतील. जी पदवी इस्राएल केवळ आपली मानीत असे, ती परमेश्वराची प्रजा ही पदवी मिसरास मिळते. अश्शूर त्याच्या हातची कृति ठरतो. इस्राएल त्यांच्यांत तिसरा. फौजा ज्या वाटेनें येत, तीच वाट यात्रेकरूंची होते.

आतां कोणी विचारील, आणि विचारणें योग्यच आहे, कीं क्रूर राष्ट्राला क्षमा म्हणजे त्यानें चिरडलेल्यांवर अन्याय नव्हे काय? हा प्रश्न पवित्र शास्त्रानें टाळलेला नाहीं. निनवे या एका नगरासंबंधानें तेथें दोन स्वतंत्र पुस्तकें आहेत.

निनवे अश्शूराची राजधानी. अश्शूरी राजांनीं इ. स. पूर्वी ७२२ च्या सुमारास शोमरोन घेऊन उत्तरेचें राज्य बुडविलें. पुढें ७०१ मध्यें सन्हेरीबानें यहूदाचें लाखीश नगर जिंकलें. त्या विजयाचीं चित्रें त्यानें निनवेच्या राजवाड्याच्या भिंतींवर दगडांत कोरविलीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हेन्री लेयार्ड यानें तीं खणून काढलीं, आणि तीं आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. सुळांवर चढविलेले, कातडी सोललेले बंदिवान, आणि बैलगाड्यांवर संसार लादून निघालेल्या बायकामुलांच्या रांगा, हें सर्व त्या राजानें आपली शोभा म्हणून मिरविलें होतें.

नहूमाचें पुस्तक या नगराच्या पतनाविषयीं आहे. तें पतन इ. स. पूर्वी ६१२ मध्यें बाबेलकर व मेदी यांच्या हातून घडलें. नहूमाचे शब्द कठोर आहेत, पण चिरडलेल्यांचें रडणें परमेश्वरानें ऐकलें याची ती ग्वाही आहे. पुस्तकाचा शेवट प्रश्नानें होतो: या नगराची क्रूरता कोणाला भोगावी लागली नाहीं?

दुसरें पुस्तक योनाचें. त्यांतील मोठा मासा लहान मुलांनाही ठाऊक आहे. परंतु त्या पुस्तकाचें मर्म माशांत नाहीं. योना निनवेला जाण्याऐवजीं याफोच्या बंदरांतून तार्शीशाकडे कां पळाला? निनवेकरांच्या भीतीनें नव्हे. चौथ्या अध्यायांत तो स्वतःच कारण सांगतो. परमेश्वर दयाळू व मंदक्रोध आहे हें त्याला ठाऊक होतें, आणि ती दया निनवेला मिळूं नये अशी त्याची इच्छा होती. तो देवाच्या कोपाला भ्याला नाहीं. देवाच्या दयेला भ्याला. त्यानें अखेरीस जो उपदेश केला तो मूळ हिब्रूंत अवघ्या पांच शब्दांचा आहे, आणि त्यांत क्षमेचें नांवही नाहीं. तरी नगरानें पश्चात्ताप केला.

तो पश्चात्ताप कसा होता हें नीट पाहिलें पाहिजे. राजानें केवळ गोणपाट नेसण्याचा हुकूम दिला नाहीं. प्रत्येकानें आपला कुमार्ग आणि आपल्या हातचा जुलूम सोडावा, असा त्याचा हुकूम होता. म्हणजे परमेश्वराची दया जुलमाकडे डोळेझांक करीत नाहीं. जुलूम हातांतून गळून पडावा यासाठींच ती वाट पाहते. जेथें तो पुन्हां हातीं घेतला जातो, तेथें नहूमाचें पुस्तक उघडावें लागतें. योनाचें पुस्तकही प्रश्नानेंच संपतें: ज्यांना उजवें-डावें कळत नाहीं असे एक लक्ष वीस हजारांहून अधिक जीव, आणि इतकीं गुरें ज्या नगरांत आहेत, त्याची कीव परमेश्वरानें करूं नये काय? योनानें काय उत्तर दिलें तें लिहिलेलें नाहीं. तें उत्तर वाचणाऱ्यानें द्यावयाचें आहे.

यहूदी लोक आजही प्रायश्चित्ताच्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं सभास्थानांत योनाचें पुस्तक वाचतात. ज्या दिवशीं ज्युबिलीचें शिंग फुंकावयाचें, त्याच दिवशीं परक्या नगराच्या क्षमेची कथा वाचली जाते, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

मग काळाची पूर्णता झाली. प्रभु येशू नासरेथच्या सभास्थानांत उभा राहिला, आणि त्यानें यशयाच्या ग्रंथांतून परमेश्वराच्या प्रसादाचें वर्ष घोषित करणारें वचन वाचलें. तें वर्ष म्हणजे खरी ज्युबिली. मूळ वचनांत लगेच पुढें सूड घेण्याच्या दिवसाचा उल्लेख आहे; प्रभूनें त्याच्या आधींच ग्रंथ गुंडाळला. नंतर त्यानें दोन परक्यांचीं नांवें काढलीं. एलीया संदेष्ट्याला सीदोन प्रांतांतील सारफथच्या विधवेकडे पाठविलें होतें, आणि अलीशाच्या काळीं शुद्ध झालेला कुष्ठरोगी म्हणजे अरामाचा सेनापति नामान. हें ऐकतांच गांवकरी इतके खवळले कीं, त्यांनीं त्याला कड्यावरून लोटावयास नेलें. ज्युबिली त्यांना हवी होती; परक्यांसह नको होती. याचा अर्थ प्रभूनें न्याय रद्द केला असा मात्र नाहीं. न्यायाच्या दिवशीं निनवेचे लोक उठून या पिढीस दोषी ठरवतील, असें त्यानेंच बजाविलें. पश्चात्ताप केलेला परका हा गर्विष्ठ घरच्याविरुद्ध साक्षीदार होतो.

पुढें योनाचा पुत्र शिमोन, म्हणजे संत पेत्र, त्याच याफो बंदरांत असतां त्याला दर्शन झालें, आणि तेथून तो कर्नेल्य नांवाच्या रोमी शताधिपतीच्या घरीं गेला. ज्या बंदरांतून योना परक्यांपासून पळाला, त्याच बंदरांतून पेत्र परक्यांकडे निघाला. आपल्या देवळाची घंटा आज आपल्यासाठीं वाजते, ती त्या वाटचालीमुळें.

निनवेची कथाही संपलेली नाहीं. तिचे अवशेष इराकांत मोसुल शहरासमोर टायग्रिस नदीच्या कांठीं आहेत. त्या भागांत प्राचीन काळापासून ख्रिस्ती लोक राहत आले आहेत, आणि पूर्वेकडील ख्रिस्तसभा उपवासकाळापूर्वीं तीन दिवस "निनवेचा उपवास" पाळतात. इ. स. २०१४ मध्यें सशस्त्र टोळ्यांनीं मोसुलच्या ख्रिस्ती कुटुंबांस घरांतून हाकलून दिलें, आणि योनाची कबर म्हणून मानलेलें तेथील स्थान सुरुंगानें उडविलें. ७ मार्च २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं मोसुलांतील पडक्या देवळांच्या चौकांत उभे राहून युद्धांत बळी पडलेल्यांसाठीं प्रार्थना केली. नहूमाचा प्रश्न आणि योनाचा प्रश्न, दोन्ही त्या चौकांत जिवंत होते.

म्हणून आम्ही आपणांस इतकेंच विनवितों. दूरच्या राष्ट्राचा पाडाव ऐकून आनंदानें टाळ्या पिटण्यापूर्वीं त्यांतील उजवें-डावें न कळणाऱ्या लेंकरांची आठवण करावी. परक्याचा अपराध मोजतांना आमोसाची तुतारी आपल्याकडेही वळणार आहे हें विसरूं नये. पोटासाठीं दूर मुलखांतून आपल्या गांवीं आलेला मजूर, आपली भाषा न समजणारा भाडेकरी, यांची मजुरी व मान राखतांना आपलें माप तेंच असावें, जें आपण आपल्या लेंकरासाठीं मागतों. लेवीय पुस्तकाच्या त्याच ज्युबिलीच्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएलास सांगितलें आहे कीं, भूमि माझी आहे आणि तुम्ही माझ्याजवळ परके व उपरे आहां. त्याच्या घरीं आपण सारेच पाहुणे आहों.

ज्यानें परक्यांना आपली प्रजा म्हटलें, तो दयाळू परमेश्वर आपणां सर्वांस पश्चात्तापाचें हृदय आणि दयेचे हात देवो, आणि आपल्या ज्युबिलीचें शिंग कोणालाही वगळून न वाजो, अशी प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों. आमेन.