गल्लीतली सायकल आणि पार्किंग

एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्यात महापालिकेनं २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. पण सोसायट्यांच्या रस्त्यांवर जागेची ओढाताण आहेच. त्यावर उपाय आहेत. रस्ता रुंद असेल, तर सायकलमार्ग पदपथालगत ठेवावा आणि गाड्या त्याच्या बाहेरच्या बाजूला लावाव्यात. मध्ये मीटरभर जागा मोकळी हवी, म्हणजे उघडणाऱ्या दाराचा धक्का बसत नाही. रस्ता अरुंद असेल, तर सम-विषम तारखांप्रमाणे एकाच बाजूला पार्किंग ठेवावं आणि वाहनांचा वेग कमी करावा. चौकाजवळ गाडी लावूच नये; तिच्याआडून येणारी सायकल दिसत नाही. एका मोटारीच्या जागेत दहा सायकली मावतात. शाळेला सायकलवरून जाणाऱ्या मुलांना एवढी जागा आपण द्यायलाच हवी.